अकरा खेकडे

आदर्श नगर, जयपूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस,
वासंतीचा नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून नवल वाटलं असेल. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि तिथेच ठेवतेस. म्हणून पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "मॅडमजी, राखी तो अगस्त में जाती है, अभी क्या भेज रहे हो?" म्हटलं, बहिणीला पत्र आहे. त्या हसल्या. हाताने लिहिलेलं पाकीट आता राखीशिवाय कुणी आणत नाही म्हणे.

तुझे गुडघे कसे आहेत? माडीवर जाणं सोडलंस का? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधत जा. तुला सांगून उपयोग नाही हे माहीत आहे, तरी सांगते.

इकडची थंडी सरली. सकाळी तेवढी शाल लागते. अरुण ऑक्टोबरात रिटायर झाला. आयुष्यभर विमा कंपनीत क्लेम तपासलेला माणूस घरी बसला की बायकोने टाकलेला चहासुद्धा कागदपत्रं मागितल्यासारखा बघतो. बाकी ठीक आहे.

आमची कीर्ती जानेवारीत पुण्याहून तुझ्याकडे येऊन गेली. तू तिला घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊ घातलीस, हे तिने चार वेळा सांगितलं. तिचं मराठी अर्धं हिंदी, तरी दोन दिवस तुझ्याशी बोलत बसली म्हणे. काय एवढं बोललात? ती आधी बोलते आणि मग आठवते. तिचं सगळं मनावर घेऊ नकोस.

आता आमची बातमी. गेल्या रविवारी अरुणचा सत्कार झाला. कशाबद्दल, तर खेकड्यांबद्दल! हसू नकोस. आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी आहे. तू पाहिली नाहीस, तू जयपूरला आलीसच कुठे. आठ वर्षांपूर्वी अरुणने ती हौसेने आणली. समुद्रापासून इतक्या लांब आम्ही पुडीतलं मीठ गाळलेल्या पाण्यात कालवून समुद्र करतो. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "काय गो, कुर्ल्यो पाळतंस? आणि खातलंस कधी?"

हे खाण्याचे नव्हेत. पोर्सेलिन खेकडा म्हणतात. पांढरा, लाल ठिपक्यांचा, दोन रुपयांच्या नाण्याएवढा. समुद्रफूल नावाच्या प्राण्याच्या मऊ बोटांमध्ये नर-मादी जोडीने राहतात. तोंडापुढे जाळीचे दोन पंखे असतात. ते हलवून पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातात. मादी पोटाखालच्या झडपेत अंडी धरते, आणि ती फुटली की पाण्यात शेकडो पिल्लं सुटतात. पिल्लं खेकड्यासारखी मुळीच दिसत नाहीत. पारदर्शक, आणि कपाळावर अंगाच्या कितीतरी पट लांब सुई. झोइया म्हणतात त्यांना. तिथून मेगालोपा, म्हणजे मधलं रूप, ज्याला शेपटीही असते आणि डेंगेही. त्यानंतर कात टाकली की खेकडा. हे घरच्या टाकीत कुणाला सहसा जमत नाही. पिल्लं दोन-तीन दिवसांत मरतात. आमच्याकडे गेल्या वर्षी अकरा जगली.

इथे हौशी लोकांचा एक क्लब आहे. त्यांनी एका हॉटेलचा हॉल घेऊन अरुणला बोलायला बोलावलं. पडद्यावर त्याने माझ्या वहीची पानं दाखवली. कुठल्या दिवशी पाणी किती बदललं, किती मेली, किती उरली, सगळं माझ्या अक्षरात. पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "ये कौन सी भाषा है, अरुणजी?" तो म्हणाला, "मराठी. मातृभाषा में ही दिमाग़ चलता है भाईसाहब." टाळ्या पडल्या. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाला, "हमारी मिसेज़ ने भी बड़ा साथ दिया. चाय-नाश्ता टाइम पे मिलता रहा." पुन्हा टाळ्या. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

मग त्याने व्हिडिओ लावला, पहिला खेकडा कात टाकून बाहेर येतो तो. मी तेवढ्यात बाहेर गेले. चहा आला की नाही ते बघायला.

अकरांपैकी सात खेकडे आठ महिने टिकले होते. ते त्याने त्या दिवशी पाण्याच्या पिशव्यांतून पाहुण्यांना वाटून टाकले, गाठीला सोनेरी फीत बांधून. मला घरी आल्यावर कळलं.

असो. आईचं वर्षश्राद्ध तिथीने सोळा मेला येतं, वैशाख वद्य चतुर्थी. मी पंचांगात पाहिलं. मला यायचं आहे. पण गेल्या वर्षीच्या आजारपणापासून अरुणला एकटं सोडायला भीती वाटते. बघून कळवते. काय काय लागेल ते मात्र लिही, मी इथून पाठवीन.

पट्टा बांध.

तुझी
वासू


आदर्श नगर, जयपूर
२ मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "अरुणरावांना डेंग्यू कधी झाला होता?" खाली सहीसुद्धा नाही. शाळेत वहीवर लाल शाईने शेरा मारायचीस तसं.

म्हणजे कीर्ती बोललीच. मी तिला काल फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, मावशीने विचारलं पप्पांची तब्येत कशी आहे डेंग्यूनंतर. मी बोलले, कौनसा डेंग्यू? मला काय माहीत तू झूठ बोलली होतीस. मतलब, नानी गेली तेव्हा तू का नव्हती गेलीस?" पोटच्या मुलीने हे विचारलं. मी म्हटलं, नेटवर्क नाही, आणि फोन ठेवला.

नव्हता झाला. अरुणला डेंग्यू झाला नव्हता. प्लेटलेट्स उतरल्या नव्हत्या, सलाइन नव्हतं, मी हॉस्पिटलच्या बाकावर झोपत नव्हते. हे सगळं मी तुला फोनवर सांगितलं आणि तू म्हणालीस, "तू त्यांना सांभाळ, इथलं मी बघते." तुझा तो आवाज मला अजून ऐकू येतो. तू तेव्हा सावंतवाडीच्या हॉस्पिटलात आईच्या खाटेपाशी होतीस. मागे कुणीतरी स्टीलचं भांडं पाडलं होतं.

तर खरं काय होतं ते सांगते. चार मेला मादीची अंडी फुटली होती. याआधी चार वेळा अरुणने पिल्लं वाढवायचा प्रयत्न केला होता आणि चारही वेळा ती त्याने मारली होती. जोराचा हवेचा पंप लावायचा. पिल्लं काचेवर आपटायची, सुया एकमेकींत अडकायच्या. तिसऱ्या दिवशी तळाला पांढरा गाळ बसायचा आणि तो म्हणायचा, "छोड़ो, किस्मत." पाचव्या वेळी मी म्हटलं, ह्या वेळी मी करते. तो हसला.

मी पाण्याची वीस लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगली, म्हणजे कोपराच नको. तळाशी बारीक जाळी बसवून खालून एक-एक बुडबुडा सोडला, इतका हळू की मोजता यावा. आर्टेमिया नावाच्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची अंडी डब्यात मिळतात. ती रोज वेगळ्या भांड्यात उबवायची, नुकती फुटलेलीच पिल्लांना घालायची, शिळी नाही. दर चार तासांनी. मेलेली रुंद तोंडाच्या काचेच्या नळीने उचलायची. बाहेर सेहेचाळीस डिग्री, दुपारी लाइट जायची. लाइट गेली की मी बर्फाच्या पिशव्या बाटलीभोवती धरून बसायची आणि थर्मामीटर बघायची. तीनशेची दोनशे झाली, दोनशेची साठ. सोळाव्या दिवशी पहिला मेगालोपा दिसला. आणि त्याच दिवशी, विसाला, तुझा फोन आला. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, छातीत कफ भरला, ये.

अरुणला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? टाकी त्याची, हौस त्याची, क्लबातल्या लोकांना त्याने सांगून ठेवलेलं, की यंदा करून दाखवणारच. मी निघाले असते तर त्याचं नाक कापलं गेलं असतं. माझं इथून निघणं म्हणजे काय असतं तुला कल्पना नाही. चौतीस वर्षं ह्या माणसाच्या वेळापत्रकाने जगते आहे. त्याची बदली झाली की माझी झाली. तो म्हणाला जयपूर, की जयपूर.

आणि हे कुणामुळे, तेही एकदा लिहूनच टाकते. मी झूलॉजीला कॉलेजात पहिली आले होते. रत्नागिरीला मत्स्यशास्त्राला पुढे शिकायचा अर्ज केला होता. प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं ते पोस्टमनने तुझ्या हातात दिलं, कारण बाबा गेल्यापासून सगळं तुझ्याच हातात यायचं. ते तू चार दिवस शाळेच्या पिशवीत ठेवलंस. चार दिवसांनी अरुणकडची माणसं बघायला आली, होकार देऊन गेली, आणि मग रात्रीच्या जेवणाला तू ते पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणालीस, "लग्नानंतरही शिकता येतं." आईने मान खाली घातली. तिला माहीत होतं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तेव्हा खोटं कोण बोललं आणि कधी, ह्याचा हिशोब तू एका ओळीत मागू नकोस.

छप्पन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा काहीतरी जमत होतं. तेवढंच.

वासंती


आदर्श नगर, जयपूर
२३ मार्च २०२५

ताई,

हे तिसरं पत्र. तू हे फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तू अरुणच्या मोबाइलवर फोन केलास. मी स्वयंपाकघरात होते. त्याने गॅलरीत जाऊन घेतला, पण गॅलरीचं दार उघडं होतं. मला त्याची बाजू तेवढी ऐकू आली.

"नाही ताई, डेंग्यू नव्हता… हो, हे तिने मला नंतर सांगितलं. मला तेव्हा आवडलं नव्हतं… नाही, नाही. मी कशाला अडवीन? तिकीट मीच काढलं होतं. बावीस तारखेचं, गोव्यापर्यंतचं विमान. पुढे टॅक्सीही सांगून ठेवली होती… मग काय, तिने नको म्हटलं… ते तिलाच विचारा ताई. मला बोलायला लावू नका."

तव्यावर पोळी होती, ती काळी होईपर्यंत मी तिथेच उभी. आत येऊन तो म्हणाला,

"तू ताईंना लिहिलंस की मी अडवलं?"

"लिहिलं."

"का?"

"तू माझ्या वहीवर उभा राहून टाळ्या घेतल्यास."

"म्हणून तुझ्या आईचं मरण माझ्या नावावर?"

मी गॅस बंद केला. तो टाकीपाशी जाऊन बसला. मग म्हणाला, "टाळ्यांचं चुकलं माझं. ते मी मान्य करतो. पण मी तुला बॅग भरून दिली होती, वासंती." आणि खरंच दिली होती. निळी बॅग. तिच्यात त्याने माझ्या गोळ्या आणि आईसाठी मऊ खादीचे दोन परकर ठेवले होते. ते त्याने एकट्याने बापू बाजारात जाऊन आणले होते.

तर आता दुसऱ्या पत्रात मी काय केलं ते तुला दिसलं असेल. अरुणला मी विचारलंच नव्हतं असं लिहिलं. तो आपणहून म्हणाला होता, "तू जा, पिल्लं मी बघतो." मला त्याचा भरवसा नव्हता. त्याने चार वेळा मारली होती, पाचव्यांदाही मारली असती. एकवीस मेला, तो ऑफिसात गेल्यावर, मी फोनवरून तिकीट रद्द केलं. मग तुला फोन लावला आणि डेंग्यू म्हटलं. शेजारच्या बाईंच्या मुलाला झाला होता म्हणून तोच शब्द तोंडात आला. प्लेटलेट्सचे आकडेसुद्धा त्याचेच सांगितले.

आणि रत्नागिरीचं पत्र. ते तू लपवलंस हे खरं. पण त्या पत्राचा आणि ह्याचा काही संबंध नव्हता. तो मी मागच्या पत्रात जोडला, तुला टोचावं म्हणून. तिकीट रद्द करताना माझ्या मनात रत्नागिरी नव्हतं, तू नव्हतीस, आईसुद्धा नव्हती. बाटलीत सेहेचाळीस जीव होते आणि त्यांतल्या तेराला डेंगे फुटले होते. एवढंच होतं. मी स्वतःला सांगितलं, खुब्याचं हाड आहे, म्हातारी माणसं महिना-महिना राहतात. पाच दिवसांनी जाऊ.

पंचवीसला तू सांगितलंस की डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आहे. मी मराठीच बोलते, मला त्याचा अर्थ कळला होता. तरी मी म्हटलं, "बरं झालं, घरी तिला बरं वाटेल." तू फोन ठेवलास.

आता सत्तावीस मे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, अरुणलाही.

तू नंतर विचारलंस की सकाळी फोन का उचलला नाहीस, तेव्हा मी म्हटलं, फोन घरी चार्जिंगला होता आणि मी हॉस्पिटलात. ताई, फोन माझ्यासमोर होता. स्टुलावर, दोन पुस्तकांना टेकवून, बाटलीला लागून. मी व्हिडिओ काढत होते. एक मेगालोपा बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटून थांबला होता, पाठ फाटायला लागली होती. सात वर्षांत, चार खेपा मेल्यावर, पहिल्यांदा. मी श्वास रोखून बघत होते. अरुण फिरायला गेला होता. सात बावन्नला स्क्रीनवर तुझं नाव आलं, आईचा आणि तुझा तो गणपतीतला फोटो. मी बोटाने लाल खूण दाबली. व्हिडिओ बंद पडू नये म्हणून. पुन्हा आलं. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा आलं तेव्हा खेकडा अर्धा बाहेर होता. मी दाबली नाही, वाजू दिलं. ते थांबेपर्यंत वाजलं. मग चौथ्यांदा आलं नाही.

खेकडा बाहेर आला. मोहरीपेक्षा थोडा मोठा. डेंगे दोन्ही शाबूत. तो भिंतीवरून दोन पावलं तिरका चालला. तुला सांगते, मला रडू आलं, आनंदाने. मग मी एकेक करून शोधायला लागले आणि तळाच्या जाळीवर आणखी सापडले, पहाटेच कात टाकलेले. एक, दोन, तीन करत मोठ्याने मोजले. अकरा.

नऊला तुझा मेसेज आला. "आई गेली. पावणेनऊला."

मी तो वाचला, फोन पालथा ठेवला, आणि आर्टेमिया गाळायला घेतला. खायची वेळ झाली होती. आधी त्यांना घातलं, नळी धुतली, वहीत लिहिलं. तेविसावा दिवस, अकरा. मग जमिनीवर बसले. अरुण आला तेव्हा मी बसलेलीच होते. त्याला वाटलं मी केव्हाची रडते आहे.

त्या व्हिडिओत तुझी रिंग ऐकू येते. तीन वेळा. हॉलमध्ये दाखवायच्या आधी अरुण म्हणाला, "पीछे किसी का फोन बज रहा है," आणि आवाज काढून त्यावर बासरी टाकली. कुणाचा फोन, हे त्याने विचारलं नाही. त्याला काय कल्पना. म्हणून मी त्या दिवशी हॉलबाहेर गेले. चहाबिहाचं काही नव्हतं.

दहाव्याला आले तेव्हा तू मला शेजाऱ्यांसमोर काही बोलली नाहीस. पाणी दिलंस, खाली बस म्हणालीस, आणि चार दिवस माझ्याकडे पाठ करून स्वयंपाक केलास. मला तेव्हा तुझा राग आला होता. आपण आपली आई गमावली आणि ही माझ्याशी बोलत नाही, असं वाटायचं. स्वतः खोटं बोलून दुसऱ्यावर रागावता येतं, हे मला त्या चार दिवसांत कळलं. आईच्या खोलीत अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. चादर तू धुतलीस, मी नुसती दोरीवर वाळताना पाहिली.

एक गोष्ट मात्र तुला आवडणार नाही. मी खेकडे सोडलेले नाहीत. दहा दिवसांपूर्वी मादीची अंडी पुन्हा फुटली, आत्ता बाटलीत सव्वाशे आहेत. क्लबच्या सेक्रेटरींना मी स्वतः फोन करून सांगितलं, की ती वही माझी, ते काम माझं, अरुणने चहा केला. ते गडबडले. "जी, जी भाभीजी," म्हणत राहिले. अरुण शेजारी बसून होता. त्याने नाही म्हटलं नाही. तेव्हा ते काम माझं आहे हे खरं, ते चांगलं आहे हेही खरं, आणि त्यापायी मी काय केलं तेही खरं. पिल्लं मारून टाकली, टाकी विकली, तर तुला बरं वाटेल का? मला नाही वाटत. मला तर मुळीच वाटणार नाही. प्रायश्चित्ताचं नाटक मला जमायचं नाही, खोटं बोलून झालं तेवढं पुरे.

सोळा मेच्या श्राद्धाला मी येते आहे. तिकीट अरुणने काढलेलं नाही, मी काढलं आहे. चौदाला गोव्याला उतरेन, तिथून बसने. तू येऊ नकोस म्हटलंस तरी येईन. घरात घ्यायचं नसेल तर बंदरापाशी खोल्या मिळतात, तिथे राहीन आणि विधीपुरती येईन. स्वयंपाकाला तुला माणूस लागेल. तुझ्या गुडघ्यांनी एवढ्यांचं होणार नाही. मी मागच्या दारी बसून नारळ किसायला तयार आहे. तू पाठ करून उभी राहिलीस तरी चालेल.

माफ कर असं मी लिहीत नाही. लिहिलं तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि "केलं" म्हटलंस तर ते मला खोटं वाटेल.

फक्त एक विचारते, त्याचं उत्तर मात्र दे. इतके दिवस मी धरून चालले आहे की सात बावन्नला आईला माझ्याशी बोलायचं होतं. तीन वेळा तिने माझं नाव घेतलं असेल, तू फोन तिच्या कानाशी धरला असशील, असं मी मनात रंगवत आले. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा दुसरंच डोक्यात आलं. आई पंचवीसपासून बोलत नव्हती, असं तूच दहाव्याला कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं. मग ते फोन तिच्यासाठी नसतील. तिचा श्वास बदलला असेल, घरात दुसरं कुणी नसेल, आणि तुला भीती वाटली असेल. तुला, ताई. चौसष्टाव्या वर्षी, आईचा हात हातात धरून एकटी बसलेली असताना, तुला कुणाचा तरी आवाज हवा असेल.

तसं असेल तर सांग. ते मला जास्त जड जाईल. आईला मी आता काही देऊ शकत नाही. तू आहेस.

तू हाक मारलीस तेव्हा न आलेली तुझी धाकटी बहीण,
वासंती